दीड टोपण

पोळा तोंडावर होता. पांढरकवड्याच्या पुढे, हायवे सोडून आत गेलेल्या एका गावात आम्ही सकाळी साडेसातला पोचलो. रात्री पाऊस झाला होता. काळ्या मातीने चपला दोन-दोन किलोच्या झाल्या, म्हणून त्या हातात घेऊन मी धुऱ्यावरून चालत होते. पऱ्हाटी माझ्या खांद्याला लागत होती.

माझं काम लोकांना पटकन सांगता येत नाही. त्याला ह्युमन फॅक्टर्स म्हणतात. माणूस एखादी वस्तू वापरताना नेमका कुठे अडतो, कुठे चुकतो, ते जागेवर जाऊन बघायचं आणि माणसाला नावं ठेवण्याआधी वस्तूकडे बोट दाखवायचं. गावात मी "कंपनीवाली मॅडम" होते, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. एका कीटकनाशक कंपनीने बाटलीचं नवं लेबल काढलं होतं. ते शेतकऱ्यांना कळतं का, हे तपासायला आम्हाला पाठवलं होतं.

यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न नुसता लेबलाचा नाही. 2017 च्या हंगामात इथे फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्यानंतर जे काही लिहिलं-बोललं गेलं त्यात एक शब्द सारखा यायचा: निष्काळजीपणा. मास्क घातला नाही, हातमोजे घातले नाहीत, लेबल वाचलं नाही. हा शब्द ऐकला की मला दुसऱ्या महायुद्धातलं बी-17 विमान आठवतं. उतरल्यावर पायलट पंखांचे फ्लॅप आत घ्यायला जायचे आणि चाकंच आत घ्यायचे. चौकशीत शेरा ठरलेला, पायलटची चूक. मग आल्फोन्स चॅपनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये बघितलं, तर दोन्हींचे खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखेच. त्याने एकाच्या टोकाला चाकाचा आकार दिला, दुसऱ्याला पाचरीचा. आमच्या धंद्यात ही गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी ती पाठ केली होती, आणि तरी त्या सकाळी माझ्या फॉर्मवर वापरणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: पुरुष, वय 25 ते 50, स्वतः फवारणी करणारा.

लेबलाची चाचणी समाजमंदिराच्या ओट्यावर झाली. ती लवकर उरकली. आपल्याकडे कीटकनाशकाच्या बाटलीवर पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचं चिन्ह असतं, खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. वावराच्या मालकाने चारही रंग घडाघडा सांगितले. त्याच्यासोबतच्या मजुराने हिरव्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हे पिकाले हिरवं करते." मग लालवर बोट. "हे जोरदार. अळी पटकन मरते." म्हणजे ज्याला भिऊन लांब राहायचं, तोच रंग त्याच्या लेखी भारी मालाची खूण. अमेरिकेच्या एका मानकात चिन्ह पास व्हायला 85 टक्के लोकांना अर्थ बरोबर कळावा लागतो आणि भलताच, घातक अर्थ लावणारे 5 टक्क्यांच्या वर चालत नाहीत. मी खुशीत टिपून घेतलं. अहवालाला मसाला मिळाला होता. (शिवाय इथे सगळे त्याला "औषध" म्हणतात, दुकानदारही, मीही. बाटलीवर "विष" छापून आपण कोणाला सांगतो, देव जाणे.)

खरा दिवस वावरात सुरू झाला. आमची पद्धत अशी की एक तास काम बघायचं, मध्ये बोलायचं नाही. मजुराने चार्जिंगचा पंप पाठीवर घेतला. आम्ही दिलेला मास्क लावला, गॉगल लावला. पाच मिनिटांत गॉगलवर घामाची वाफ धरली, तो कपाळावर गेला. माझी सहकारी वेळ लिहीत होती. आम्ही दोघी पंपाच्या मागे-मागे, कॅमेरा पंपावर.

दुसरा पंप संपला. तो धुऱ्याकडे आला, पाठ वाकवून उभा राहिला. आणि तेव्हा मला ती दिसली. म्हणजे ती सकाळपासून तिथेच होती. पन्नाशीची बाई, पदर खोचलेला, विहिरीवरून गुंड आणून ड्रम भरत होती. फोटोत प्रत्येक वेळी कडेला आलेली. तिने बादलीत पाणी घेतलं, बाटलीतून टोपणात ओतलं, एक टोपण, मग अर्धं, काडीने ढवळलं आणि त्याच्या पाठीवरच्या पंपात घोळ ओतला. फवारणारा माणूस बाटलीला शिवलासुद्धा नव्हता.

पुढच्या पंपाला मी तिच्याजवळ जाऊन बसले. बाटलीचं स्वतःचं टोपण लाल. ते बाटलीशेजारी मातीत पडलेलं. तिच्या हातातलं पांढरं, जाड, कडा झिजलेलं, आणि ते सुतळीने बादलीच्या कडीला बांधलेलं.

नियम मोडून मी विचारलं, "काकू, हे टोपण कुठलं?"

"आमच्या मापाचं हाय जी. तीन-चार सालापासून हेच हाय."

"आणि दीड टोपण कोणी सांगितलं?"

"दुकानदारानं सांगतलं ना मालकाले. पंपाले दीड टोपन."

माझ्या पिशवीत मेडिकलमधून घेतलेली 10 मिलीची सिरिंज होती. पाण्याने मोजलं. लाल टोपणात 10 मिली मावलं. पांढऱ्यात 25.

आता हिशेब बघा. लेबलावर मात्रा हेक्टरमागे लिहिलेली: 500 मिली औषध, 500 लिटर पाण्यात. इथे हेक्टरमध्ये कोणी बोलत नाही, वावर एकरात मोजतात. पाणी लिटरात कोणी मोजत नाही, पंपात मोजतात. म्हणजे हेक्टरचा एकर करा, एकराचे पंप करा, 15 लिटरच्या एका पंपाला 15 मिली येतात. हे गणित दुकानदाराने केलं होतं, आणि बरोबर केलं होतं. पण 15 मिली कशाने मोजणार? म्हणून त्याने त्याचं समोरच्या बाटलीतलं भाषांतर केलं: दीड टोपण. मालकाने ते नीट लक्षात ठेवलं, घरी येऊन नीट सांगितलं. काकूंनी नीट ऐकलं आणि रोज नीट पाळलं. इतक्या काळजीने पंपात पडत होते साडेसदतीस मिली, अडीच पट.

आणि तो त्या दिवशीचा चौथा पंप होता.

मी उठून काम थांबवलं. निरीक्षण तिथेच संपलं, तो तास आमच्या आकडेवारीतून बाद झाला. मजुराने पंप उतरवला, सावलीत बसला आणि म्हणाला, "तरीच म्हनलं, वास काहून एवढा येऊन राह्यला!" मालक काकूंवर डाफरायला लागला. मी मध्ये पडले, पण मला शब्द सापडेनात. काकू शांतपणे म्हणाल्या, "बाटलीचं टोपन लहान हाय, हातात बसत नाही. अन् दर बाटलीचं येगळं रायते. म्या काय दर साली नवं माप शिकू का जी?"

दर बाटलीचं वेगळं. एवढं साधं वाक्य आमच्या चाळीस पानी अभ्यास-आराखड्यात कुठेच नव्हतं.

मोजे तिला दिलेच नव्हते. किट पुरुषांच्या संख्येने आणलं होतं. माझ्या सहकारीने आपल्याजवळची जोडी दिली. काकूंनी ती घातली, बोटांची टोकं इंचभर रिकामी लोंबली. टोपण धरून पाहिलं, निसटलं. पुन्हा धरलं. मग मोजे काढले, झटकून नीट घडी करून परत दिले. "घालून भरलं का नाही ते समजत नाही," एवढंच म्हणाल्या. आता फॉर्ममध्ये याला काय लिहायचं, निष्काळजीपणा?

जेवणाआधी त्यांनी साबण मागितला. दगडावर बसून कोपरापर्यंत हात धुतले, मग पुन्हा एकदा. मी सिरिंज त्यांना दिली. त्यांनी 15 ची खूण पांढऱ्या टोपणावर आतून खिळ्याने ओरखडून घेतली, सुतळी पुन्हा बांधली. मी ते टोपण नमुना म्हणून मागितलं होतं, बदल्यात मोजपात्र देत होते. "थे नाही देत जी. सवयीचं हाय."

संध्याकाळी कंपनीच्या माणसाला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न, अक्षरं किती पॉइंटने वाढवायची. मी टोपणाबद्दल सांगत गेले. तो ऐकत होता, चांगला माणूस होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, टोपण पॅकेजिंगवाल्यांकडे येतं. आमच्याकडे फक्त लेबल."

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर मी पांढरकवड्यात एका कृषी केंद्रात शिरले. वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या काउंटरवर मांडायला सांगितल्या आणि पट्टीने टोपणांची रुंदी-उंची मोजून वहीत लिहायला लागले. दोन टोपणं एका मापाची निघेनात. दुकानदार बराच वेळ बघत राहिला. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमाले औषध पायजे का टोपन?"