मोठ्या आईचं वय

परवा दुपारी भाच्याने लीड्सहून एक फोटो पाठवला. त्याच्या शेजारच्या म्हाताऱ्याने कौतुकाने दाखवलेलं, त्यांच्या घराण्याचं १९११ च्या जनगणनेचं पान. म्हाताऱ्याच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने भरलेलं. लग्नाला वर्षं किती झाली, मुलं किती झाली, त्यातली हयात किती, गेली किती. सात, चार, तीन. खाली सही, आणि सहीला उगाचच लांबलचक शेपूट. माणूस जरा मिजासखोर असणार. मला त्या शेजाऱ्याचा इतका हेवा वाटला की वामकुक्षी बोंबलली.

आपल्याकडे हे पानच नाही. इंग्रजांनी स्वतःच्या देशातले कागद शंभर वर्षं कुलपात ठेवायचे आणि मग उघडायचे असं ठरवलं. १९२१ ची पानं २०२२ च्या जानेवारीत खुली झाली. १९३१ ची १९४२ मध्ये आगीत गेली. ऐन युद्धात, पण बॉम्बने नव्हे, साध्या आगीत. आपल्याकडे आगीची गरजच पडली नाही. तक्ते झाले, जाडजूड अहवाल छापून झाले, की मूळ कागद निकालात. १९०१ पासून तर माणसागणिक एक चिठ्ठी करायचे. धर्माप्रमाणे चिठ्ठीचा रंग, बाई की बाप्या आणि लग्न झालंय का याची त्यावर खूण. चिठ्ठ्या खणांत टाकायच्या, मोजायच्या, संपलं. म्हणजे आमचे पणजोबा रंगीत चिठ्ठी होऊन कुठल्यातरी खणात पडले, मोजले गेले आणि रद्दीत गेले. अहवालात ते आहेत म्हणायचे, काही कोटींतले एक. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कायदा आला, त्याने तर घराघराची माहिती गोपनीयच करून टाकली. शंभर वर्षांनी उघडू वगैरे भानगड त्यात नाही.

मला सगळी नकोत, एकच पान हवंय. १८ मार्च १९२१ च्या रात्रीचं, आमच्या घराचं.

त्याचं असं झालं. २०२३ च्या अखेरीस कुणबी नोंदींची शोधमोहीम निघाली आणि तहसील कचेऱ्यांतले जुन्या कागदांचे रुमाल सुटले. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, म्हणजे ज्याला गावाकडे सगळे कोतवाल बुकच म्हणतात ती, स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. शोध ज्यांचा त्यांचा होता, पण त्यात आमच्या गावचीही पानं आली. मोडी मला जेमतेम येते. एका तासात चार ओळी, त्यातली एक चुकीची, असा वेग. तरी निवृत्त माणसाला दुसरं काम काय? बसलो.

कोतवाल बुकाइतकं रुक्ष वाचन नसेल. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा का मुलगी. आईचं नाव नाही, तिच्यासाठी रकानाच नाही. पोराचंही नाव नाही, कारण नोंद व्हायची तेव्हा बारसं झालेलं नसायचं. मृत्यूच्या बाजूला कारण: ताप, पटकी, देवी, हगवण. हेच आलटून पालटून. मग १९१८ चा आश्विन येतो, मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आणि अक्षर बारीक होत जातं. एका पानावर दोन पानांचा मजकूर. ताप, ताप, ताप, पुढे ताप लिहायचाही कंटाळा केलाय, नुसत्या खुणा. १९११ ते १९२१ या एकाच दशकात देशाची लोकसंख्या वाढायची ती घटली, हे मी शाळेत भूगोलात पाठ केलं होतं आणि दोन मार्क मिळवले होते. त्या घटीतली एक ओळ आमची निघाली. पणजोबांचं नाव, पुढे ‘याची बायको’, वय बावीस, ताप.

ही थोरली. ती होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पणजोबांनी वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि दुसरी आली ती आमची मोठी आई. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात थोरलीचा म्हणून चांदीचा एवढासा टाक असायचा, झिजून नाकडोळे गेलेला. पितृपक्षात नवमीला ‘थोरलीचं पान’ वाढलं जायचं. थोरलीला नाव असेल असं आम्हा पोरांच्या डोक्यातच आलं नाही. मोठ्यांच्याही आलं नसावं.

आता पेच. त्याच वहीत पणजोबांच्या नावावर १९१६ ला एक मुलगा आहे आणि १९२० ला एक मुलगा आहे. मग १९२२ ला मृत्यू: मुलगा, वय चार, देवी. सोळाचा धरला तर तो सहाचा हवा, विसाचा धरला तर दोनचा. चारचा कुठलाच बसत नाही. लिहिणाऱ्याने बहुधा पोराच्या उंचीकडे बघून अंदाजपंचे ठोकलं, किंवा तेवढंही बघितलं नाही. उरलेला जो, ते आमचे आजोबा. ते थोरलीचे की मोठ्या आईचे?

आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख आहे १ जून १९१७. म्हणजे तिसरंच. अर्थात एक जूनवर कुणी विसंबावं? त्या काळी पोराला शाळेत घालायला बाप घेऊन यायचा, मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगायचे, हात पोचला की वय भरलं, तारीख १ जून. अख्ख्या महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेली इतकी माणसं आहेत की त्या दिवशी शुभेच्छा देता देता अंगठा दुखतो. आमच्या घरात चार आहेत.

त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वहीतही बघून आलो. पणजोबांची आपली ‘सहकुटुंब आलो’ अशी नोंद. कुठलं कुटुंब ते गोदामाईलाच ठाऊक.

तर १९२१ च्या मार्चमधल्या त्या रात्री दोन्ही पोरं घरात होती. दारांवर नंबर आधीच घालून ठेवलेले असायचे, आणि ठरल्या रात्री मोजणीदार दारोदार फिरून शेवटची खातरजमा करायचा. आला असणार तो आमच्या ओट्यावर, कंदील घेऊन. पणजोबांनी पोरांची नावं सांगितली असणार, वयं सांगितली असणार. एक पाचचा, एक वर्षाचा. कुठल्या नावापुढे पाच आणि कुठल्यापुढे एक, एवढंच मला बघायचंय. आजोबांचं नाव मी ओळखीन की.

हे सगळं डोक्यात फिरत असताना १९७१ ची जनगणना आठवली. मी दुसरीत होतो. मार्चची दुपार, मोठी आई पडवीत मिश्री लावत बसलेली, तर्जनी काळी कुळकुळीत. शाळेतले गुरुजीच मोजणीला आलेले, त्यामुळे मी भिंतीला चिकटून. गुरुजींनी मांडीवर पाट घेऊन त्यावर कागद पसरला. आजोबांनी स्वतःचं वय पंचावन्न सांगितलं. मोठ्या आईला विचारलं तर तिने पिंक टाकली आणि म्हणाली, “लिवा पासष्ट.” गुरुजींची लेखणी थांबली. “अहो आजी, मुलगा पंचावन्नचा आणि तुम्ही पासष्टच्या?” मोठ्या आईने आजोबांकडे बघितलं, बोट पुन्हा मिश्रीत बुडवलं. “मग सत्तर लिवा की! सरकारला पाच वर्सांनी काय धाड भरतीय?”

गुरुजी हसले, सत्तर लिहिलं. हा किस्सा आमच्या घरात पुढे लग्नकार्यांत, बाराव्या-तेराव्याला, चहाबरोबर इतक्या वेळा निघाला की त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या. “मोठी आई एका मिनिटात पाच वर्षांनी म्हातारी झाली,” म्हणून सगळे हसायचे. आजोबाही हसायचे, पण मान खाली घालून, सुपारी कातरत. मी पन्नासहून जास्त वर्षं शाळा, कचेरी, संसार करून हा किस्सा इतरांना सांगत आलो आणि त्यात विनोदापलीकडे काही असेल असं मला वाटलं नव्हतं.

पण वाटून तरी काय करणार? आजोबांनी पंचावन्न हे पाचाच्या पटीत बसतं म्हणूनही सांगितलं असेल. आपल्याकडे वयं पाचा-दहावर गोळा होतात, ही तक्रार तर इंग्रजांच्या काळापासून प्रत्येक अहवालात आहे. माणूस एकेचाळीसचा नसतोच, चाळीसचा असतो नाहीतर पंचेचाळीसचा. आणि मोठ्या आईला खरोखर आपलं वय माहीत नसेल. तिचा हिशेब विसांत चालायचा, तीन विसा आणि वर थोडं. त्या ‘वर थोडं’मध्ये अख्खा माणूस मावतो.

धाकट्या चुलत्याला फोन केला. तो आता आमच्यातला वडीलधारा. म्हटलं, काका, आजोबा थोरलीचे असतील का हो? बराच वेळ पंख्याचा आवाज. मग म्हणाले, “कशावरून?” मी कोतवाल बुक सांगितलं, देवी सांगितली, वय चार सांगितलं. “मोठ्या आईने त्यांना शेवटपर्यंत ताटातली साय काढून दिली,” म्हणाले, “आणि तू मला सरकारी कागद वाचून दाखवतोस?” फोन ठेवला नाही, पण पुढे पावसाचं बोलू लागले.

बायकोचं मत वेगळं. ती म्हणते, साय कुणी दिली ते कळलं, बावीस वर्षांची ती थोरली, तिचं नाव कोण शोधणार? तिने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी मिळून मोडीचा वर्ग लावलाय. माझ्यापेक्षा लवकर वाचते, हे मान्य करायला हरकत नाही.

आता २०२७ ची जनगणना येतेय. मोबाइलवर, जातीच्या नोंदीसकट, आणि हवं तर आपली माहिती आपणच भरायची म्हणे. म्हटलं, आपल्या घरचा तक्ता तरी शुद्ध असू दे. आईपाशी बसलो आणि विचारलं, तुझी खरी जन्मतारीख कोणती गं?

“पोळ्याच्या पुढंमागं झाले म्हणतात,” आई म्हणाली. “पण तू एक जूनच टाक. उगीच पेन्शन अडकायची.”