शेवटच्या माशानं अडवलेलं रीळ

मासेमारीच्या रिळाची मूठ जागची हलत नव्हती. काकांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि निदानही सांगून टाकलं, "खाऱ्या पाण्यानं आतून खाल्लंय. तेल सोडलं, गरम पाण्यात बुडवून ठेवलं, काही उपयोग झाला नाही." रिळासोबत एक लाकडी मासोळी होती, त्यांनी स्वतः कोरलेली. पोटाचा रंग उडाला होता आणि मागचा गळ जवळजवळ सरळ झाला होता. रीळ चालतं करायचं आणि मासोळी रंगवून नव्यासारखी करायची, असं त्यांचं म्हणणं होतं.

जुनी रिळं दुरुस्त करणं आणि लाकडाची आमिषं घडवणं हेच माझं काम. अडलेलं रीळ आलं की बहुतेक वेळा आत तीनपैकी एक गोष्ट सापडते: वाळून कडक झालेलं ग्रीस, पितळेवर चढलेला हिरवा कीट, नाहीतर पितळ आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना टेकतात तिथे मिठानं धरलेला पांढरा भुगा. गरम पाण्याचं ऐकून मात्र मला वाईट वाटलं. जुन्या रिळांच्या दोन बाजूंच्या काळ्या तबकड्या पुष्कळदा एबोनाइटच्या, म्हणजे कडक केलेल्या रबराच्या असतात. उष्णतेनं ते नरम पडतं आणि गरम पाण्यानं त्याचा काळा रंग तपकिरी होतो. एकदा तसं झालं की मूळचा काळेपणा परत आणणं फार कठीण. नशिबानं इथे फक्त कडेला थोडा डाग पडला होता.

पेचकस हातात घेण्याआधी मी मुठीखालची चांदणीच्या आकाराची चकती तपासली. याच चकतीनं ड्रॅग, म्हणजे मासा ओढताना दोरीला होणारा अडसर, कमी-जास्त करतात, आणि ती पार शेवटपर्यंत आवळलेली होती. सैल केली, तर मूठ फिरली. जराही खरखर न करता फिरली. म्हणजे आतली दातेरी चाकं ठीक होती, दांडाही ठीक होता. अडलं होतं ते स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळायची फिरकी. ड्रॅग पूर्ण आवळलेला असल्यामुळे मूठ आणि स्पूल एकमेकांना बांधले गेले होते, म्हणून सगळं रीळच बंद पडल्यासारखं वाटत होतं.

"काका, हे गंजाचं काम दिसत नाही," मी म्हणाले. त्यांचा विश्वास बसला नाही. मी स्क्रू काढायला घेतले. अशा स्क्रूंना खाचेत नेमकं बसणारंच पेचकस लागतं, नाहीतर पितळेची खाच लगेच फाटते आणि तो ओरखडा कायमचा राहतो. एका बाजूची तबकडी निघाली. आत ग्रीस मऊ होतं, पितळ पिवळंधमक. काका वाकून बघत राहिले. स्पूलच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या मात्र बाहेरच्या दिशेनं फुगून तबकड्यांना घासत होत्या. त्या घासल्याचे दोन चकाकते अर्धगोल दोन्हीकडे स्पष्ट उमटले होते.

चकत्या फुगवल्या होत्या तंगुसानं, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोरीनं. हे स्पूल जुन्या ठिसूळ प्लास्टिकचं, लिननच्या पिळाच्या दोरीसाठी घडवलेलं. ती दोरी फारशी ताणत नाही. नायलॉन 1938 साली जगापुढे आलं, पुढे त्याचं अखंड तंगूस गळाला लागलं, आणि तंगूस तुटायच्या आधी पाचव्या हिश्शानं सहज लांब होतं. ताणलेल्या अवस्थेत ते स्पूलवर गुंडाळलं गेलं, की प्रत्येक वेढा पुन्हा आखडायला बघतो. एका वेढ्याचा दाब किरकोळ. शेकडो वेढे एकावर एक बसले की मधला दांडा आवळला जातो आणि कडेच्या चकत्या बाहेर ढकलल्या जातात. त्या काळात पुष्कळ स्पूलं अशीच फुटली, म्हणून जाणते लोक तळाला आधी सुती दोरीची गादी भरत. काकांच्या रिळात ती नव्हती.

अशा स्पूलवरची दोरी मी कधीच सुरीनं कापत नाही. दाब एकदम सुटला तर प्लास्टिक तडकतं आणि तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. चष्मा लावून, स्पूल कापडात धरून मी तंगूस हातानं उलगडायला सुरुवात केली. वरचे वेढे एकमेकांत इतके रुतले होते की प्रत्येक वेढा टक् आवाज करत सुटत होता. मधेमधे कॅलिपर लावून दोन चकत्यांमधलं अंतर बघत होते, ते थोडंथोडं कमी होत होतं. बराच वेळ हे चाललं, आणि मग एका ठिकाणी अचानक दोरी मोकळी झाली. तिथून खालचे वेढे शेजारीशेजारी, सैल, सारखे बसलेले. नवी दोरी भरताना बसतात तसे.

हे कोडं सोडवायला मला थोडं थांबावं लागलं. वरचा भाग ओढाखाली भरला गेलाय आणि खालचा कधी हललेलाच नाही, तर मधली ती हद्द म्हणजे कुणीतरी दोरी नेमकी तिथपर्यंत बाहेर नेल्याची खूण.

"काका, शेवटच्या वेळी मोठा मासा लागला होता ना? निम्म्याहून जास्त दोरी घेऊन पळाला होता?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला कुणी सांगितलं?" हो, लागला होता. ह्याच मासोळीला. दोरी संपत आली म्हणून त्यांनी ड्रॅग आवळत नेला, सगळी दोरी मूठ फिरवत ओढाखालीच परत गुंडाळली, आणि होडीजवळ गळ सरळ होऊन मासा सुटला. त्या रागात रीळ होतं तसं पेटीत टाकलं. पुढल्या मोसमात उघडलं तर अडलेलं. खाऱ्या पाण्याला ते इतकी वर्षं दोष देत आले होते. त्या माशाची ओढ त्या दोरीत तशीच बसून राहिली होती.

दोरी निघाल्यावर चकत्या बऱ्याच मागे आल्या, पण पूर्ण नाही, आणि बुंध्याशी केसाएवढी चीर होती. असं स्पूल पुन्हा पाण्यावर न्यायचं नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. त्याच मापाचं ॲल्युमिनियमचं लेथवर कातून देते, जुनं पेटीत ठेवा. ड्रॅगच्या चामड्याच्या चकत्या वाळून दगड झाल्या होत्या, त्या बदलल्या. बाकी रिळाला पुसण्यापलीकडे हात लावला नाही. पितळ घासून चमकवायची विनंती मला नेहमी होते, आणि मी नेहमी नकार देते. त्या घासण्यात कोरलेली अक्षरं झिजतात.

मासोळीवरून आमचं खरं वाजलं. त्यांना रंग हवा होता. मी भिंग दिलं आणि पोटावरचे दातांचे ओरखडे दाखवले. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते, त्यामुळे तो कोरडा घासणं तसंही धोक्याचं. शेवटी ठरलं की ही साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसून जशीच्या तशी ठेवायची आणि मासेमारीसाठी हिची जोडीदारीण घडवायची.

नुसता आकार उतरवला तर मासोळी पोहत नाही. वजन तेवढंच आणि शिसं त्याच जागी लागतं. म्हणून मी मूळ मासोळी गळांसकट पाण्याच्या टाकीत सोडली आणि ती शेपूट किती खाली टाकून तरंगते ते टिपून घेतलं. नव्या लाकडात पुढच्या जिभेची, म्हणजे मासोळीला पाण्यात खाली नेणाऱ्या पट्टीची, खाच ठोकळा चौकोनी असतानाच पाडली, कारण अंग गोल झाल्यावर ती सरळ येणं अवघड. कोरून, जवसाचं तेल पाजून, सुकवून, मग गळ लावून शिशाची तार पोटाला चिकटपट्टीनं बांधली आणि मागेपुढे सरकवत राहिले. जुनीसारखी बसली तिथेच भोक पाडून शिसं आत भरलं. ओढून पाहिली तर उजवीकडे जात होती. दोरी बांधायचं नाकाचं कडं पकडीनं अगदी किंचित डावीकडे वाकवलं आणि ती सरळ, डोलत आली.

रीळ न्यायला काका आले तेव्हा सुती गादीवर नवं तंगूस भरलेलं होतं. ड्रॅग मी ताणकाट्यावर दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर लावला. त्यांना तो फारच सैल वाटला. टेबलाच्या शेगड्याला, म्हणजे वस्तू घट्ट धरणाऱ्या शिकंज्याला, दोरी बांधून त्यांनी स्वतः ओढून पाहिलं, चांदणी थोडी आवळली, पुन्हा ओढलं. तिसऱ्या हिश्शावर आम्ही तडजोड केली. घरी ठेवताना तो पूर्ण सैल सोडायचा, हे मी दोनदा सांगितलं. जाताजाता त्यांनी आणखी एक मासोळी मागितली, खोल पाण्यासाठी. तिची जीभ लांब आणि आडवी घ्यावी लागेल. ठोकळा कापून ठेवलाय.