वीतभर फुटवा

कोवळी ज्वारी खाल्ली की जनावराला किरळ लागते, म्हणजे विष बाधतं, हे आमच्या सोलापूर जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही ते व्हेटर्नरी कॉलेजात जायच्या कितीतरी आधी आजीकडून कळलं होतं. म्हणूनच सांगोल्याकडच्या एका वस्तीवरची केस अजून डोक्यातून जात नाही. ज्याचं सगळं आयुष्य ज्वारीत गेलं, त्या माणसानं भुकेल्या गायी वीतभर फुटव्यात सोडल्याच कशा?

ऑगस्टचा शेवट होता. पावसानं महिनाभर दडी मारलेली आणि मग दोन दिवस बरा पडलेला. असा पाऊस झाला की मी आधी बॅगेत हायपोच्या पुड्या आहेत का बघतो. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, किरळीवरचा उतारा. दवाखान्याच्या पुरवठ्यात तो आला तर आला, नाहीतर पदरचे पैसे घालून आणून ठेवायचा. पूर्वी तालुक्याच्या फोटो स्टुडिओत सहज मिळायचा, कारण फोटो धुवायला तोच लागायचा. डिजिटल कॅमेरे आले आणि आमची ती सोय गेली. आता सोलापूरला कुणी निघालं की त्याच्याकडे चिठ्ठी द्यावी लागते.

फोन आला, "डॉक्टर, जनावरं पडाय लागल्यात, बिगीनं या." काय खाल्लं म्हणून विचारलं, तर "काय न्हाय वो, चाराच खाल्लाय."

पोचलो तेव्हा खिल्लार कालवड बांधाला मरून पडली होती. पोट फुगलेलं, तोंडाला फेस, दाढेत अजून हिरवी पात. एक संकरित गाय आडवी पडून पाय झाडत होती. दुसरी चारी पाय फाकवून उभी, तोंड उघडं, लाळ गळतेय, अंगभर कापरं. दावणीचा बैल मात्र शांतपणे रवंथ करत होता, कारण त्याला सोडलंच नव्हतं. तिघंचौघं मिळून आडव्या गाईच्या घशात बाटलीनं ताक ओतत होते. मी लांबूनच ओरडलो. ताक, गूळपाणी वाईट नाही, पण आडव्या, धापा टाकणाऱ्या जनावराला पाजलं की ते फुफ्फुसात जातं. काही जनावरं विषानं मरतात आणि काही गावाच्या धांदलीनं.

आता जरा धंद्यातलं सांगतो, कारण नव्या पोरांची इथंच गल्लत होते. ताण पडलेल्या ज्वारीत दोन विषं असू शकतात. एक किरळीचं, म्हणजे सायनाइड. ज्वारीच्या कोवळ्या पानात धुरिन नावाचा पदार्थ असतो, तो चावून कोठीपोटात गेला की त्यातून सायनाइड सुटतं. दुसरं नायट्रेट, विशेषतः युरिया भरपूर टाकला आणि नंतर पाऊस गेला तर. दोन्हींत जनावर धापा टाकतं, दोन्हींत पडतं. पण सायनाइडवर पुस्तकातला जोडउपचार म्हणजे सोडियम नायट्राइट आणि मग थायोसल्फेट. नायट्रेटची बाधा म्हणजे रक्तात आधीच नायट्राइट, त्यात आणखी टोचलंत, तर ते जनावर तुम्हीच मारलं असं समजा.

मी मानेच्या शिरेत सुई घातली, सिरिंज भरली आणि आभाळाकडे धरली. शिरेतलं रक्त एरवी काळपट असतं. हे कुंकवासारखं लालभडक होतं. सायनाइड पेशींना प्राणवायू वापरूच देत नाही, त्यामुळे रक्त तो घेऊन जातं आणि तसाच परत आणतं. जनावर गुदमरतं ते प्राणवायूनं भरलेल्या रक्तासकट. नायट्रेट असतं तर रक्त चॉकलेटी दिसलं असतं. आमचे परिचर शेजारी उभे होते. सिरिंजकडे बघून एवढंच म्हणाले, "किरळच." त्यांना नायट्राइट-थायोसल्फेटची नावं नीट म्हणता येत नाहीत, पण निदानात पदवीवाल्यांना ऐकत नाहीत.

डोसाबद्दलही सांगतो. जुन्या पुस्तकांत मोठ्या जनावराला शिरेतून 15 ग्रॅम थायोसल्फेट लिहिलंय. अलीकडे किलोमागे अर्धा ग्रॅम आणि त्याहून जास्तही सांगतात. म्हणजे साडेतीनशे किलोच्या गाईला पावणेदोनशे ग्रॅम. एवढं वस्तीवर कुणाच्या बॅगेत असतं? होतं त्यातलं बरंचसं आडव्या गाईला दिलं, नायट्राइट अगदी हळू सोडलं, मग उभ्या गाईकडे वळलो. पोटात उरलेल्या विषासाठी हायपोचं पाणी पाजायचं होतं, मोठ्या जनावराला 30 ग्रॅम. तेही आडवी गाय छातीवर बसल्यावरच. ती पाव तासात बसली. थोड्या वेळानं शेपटी हलवली आणि धडपडत उठली. किरळीच्या उपचारात हेच आहे, वेळेत पोचलात तर लोकांना जादू वाटते आणि उशीर झाला तर कोंबडीच्या औषधाइतकीही किंमत उरत नाही.

गायी सावरल्यावर मी घरमालकाला, सगळे त्यांना नाना म्हणतात, विचारलं, "नाना, पोंग्यात का सोडली?"

ते रागावलेच. "कोवळ्या जुंधळ्यात म्या कवा जनावर सोडलंय का, इचारा कुणालाबी. ही खायाची ज्वारी न्हाय डॉक्टर, चाऱ्याची हाय. सरकारी पिशवीतलं बी. जनावरासाठीच दिल्यालं, त्यात इख कसं आसंल?"

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. बी वाटलेलं होतं बहुकापणीच्या चारा ज्वारीचं. वाण चांगलाच असणार. पेरल्यावर साधारण दोन महिन्यांनी, निम्मं पीक फुलोऱ्यात आलं की कापा, कुट्टी करून दावणीला घाला, पुन्हा वाढू द्या. पण नानांकडे कुट्टी यंत्र नाही. जनावरं रानात फिरवून जगवायची हीच त्यांची पद्धत. पावसाच्या ताणानं खुरटलेलं पीक त्यांनी आधीच कापून घातलं, युरिया टाकला, पाऊस झाला आणि बुडख्यांतून हिरवागार फुटवा वर आला. सगळ्यात जास्त विष असतं ते याच अवस्थेत. पिशवीवरच्या चिठ्ठीत हेक्टरी किती किलो आणि किती कापण्या एवढंच छापलेलं. कधी कापू नये, कधी चारू नये, याचा एक शब्द नाही. वाटणाऱ्यांना 'चाऱ्याखालचं क्षेत्र' हा रकाना भरायचा होता, तो भरला.

नानांचा दुसरा मुद्दा आणखी बिनतोड होता. "काल ह्याच पट्टीतनं धनगराची मेंढरं चरत गेली. एकाला काय झालं न्हाय." मी सांगितलं, मेंढी गाईपेक्षा जास्त सोसते. शिवाय ती चालता चालता शेंडे खुडते, पोटही आधीच भरलेलं असतं. तुमच्या गायी रात्रभर उपाशी, सुटल्या तशा अधाशासारख्या तुटून पडल्या. उत्तर बरोबर आहे. पण मेंढरं चरली म्हणजे रान चांगलं, हा हिशेब त्यानं मोडेल असं मला वाटत नाही.

मग मी सायनाइड ओळखायचा पिक्रेटचा कागद काढला. पिक्रिक आम्ल आणि धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवून मी त्या करून ठेवतो, हा माझा छंद म्हणा. फुटव्याची पानं बारीक चिरून बाटलीत घातली, क्लोरोफॉर्मचे थेंब टाकले, पिवळी पट्टी वर टांगली आणि बूच लावलं. दुसऱ्या बाटलीत शेजारच्या रानातल्या बाजरीची तेवढीच कोवळी पानं. लोक गोळा झाले. बघता बघता ज्वारीची पट्टी नारिंगी झाली, मग विटकरी. बाजरीची पिवळीच राहिली. माझ्या तासाभराच्या बोलण्यानं झालं नसतं ते त्या दोन बाटल्यांनी केलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. जिथं जनावर दावणीला आहे आणि कुट्टी होते, तिथं चाऱ्याची ज्वारी जरूर द्या. जिथं जनावर मोकळं चरतं, तिथं पावसाळ्यात बाजरी द्या. राहुरीच्या विद्यापीठाची जायंट बाजरी आहे, तिच्यात सायनाइडची भानगड नाही. युरियाचा अतिरेक केला तर नायट्रेट तिच्यातही साचतं, पण कोवळी चरली म्हणून किरळ लागत नाही. आणि बांधाला, पडाला मारवेल गवत लावा, जोडीला स्टायलो हे द्विदल चारापीक. मारवेल मुळासकट ठोंब लावूनच नीट धरतं. पहिला पावसाळा त्यावर जनावर फिरकू द्यायचं नाही, पुढं वर्षानुवर्षं येतं. पण ठोंब पिशवीत भरून मार्चअखेर वाटता येत नाहीत, फोटोतही भरत नाहीत. त्यामुळे बैठकीत मी मारवेल म्हटलं की साहेब घड्याळ बघतात.

नानांचंही ऐकून घ्यायला हवं. "बाजरी येकदा कापली की दुसऱ्यांदा इरळ येती. ही तीनदा येती, आन फुकट." हे खोटं नाही.

नानांच्या घरातल्या काकूंनी विचारलं, उभ्या पिकाचं काय करायचं. नीट वाळवलं तर बरंचसं विष उडून जातं, पण ऑगस्टच्या आभाळाखाली वाळवणार कुठं? मुरघास करावा तर कुट्टी नाही. शेवटी बाभळीच्या फांद्या टाकून पट्टी बंद केली आणि फुलोरा येईपर्यंत उरलेला कडबा पुरवायचं ठरलं. तो पुरला नाही, मध्ये विकत घ्यावा लागला. दसऱ्यानंतर तेच पीक कापून गायींना घातलं, काही झालं नाही. कालवडीचा विमा नव्हता.

पुढच्या हंगामासाठी नानांनी बाजरीचं बी मागितलंय. मी मागणी लेखी पाठवली आहे आणि पिशवीत टाकायच्या चिठ्ठीचा मजकूरही सोबत जोडलाय, फुटवा चारू नका, फुलोऱ्याआधी कापू नका, एवढाच. नवीन वाटपाची यादी आली आहे. त्यात ज्वारीच आहे, चिठ्ठीबद्दल काही उल्लेख नाही.