बसलं की दुखत नाही, हेच तर दुखणं

पर्वतीच्या १०३ पायऱ्या मी चढून जायचो, पण उतरताना पोटऱ्यांत शिसं भरल्यासारखं व्हायचं. सपाट रस्त्यावरही दहा मिनिटांत दोन्ही पाय जड, मुंग्या. मग कुणाच्या तरी उभ्या स्कूटरवर टेकायचं, की दोन मिनिटांत सगळं गायब. वय ६३, म्हणून गुडघ्यांचा एक्स-रे काढला. झीज निघाली. या वयात कुणाची निघत नाही?

खरा छळ ओपीडीत. अडीच तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसून नंबर लागेपर्यंत पाय एकदम ताजेतवाने! डॉक्टर टेबलावर झोपवून पाय सरळ वर उचलायचे. "दुखतंय?" "नाही." गुडघ्यावर हातोडी, ठीक. "काका, रोज चालत जा." अहो, चालताच तर येत नाही! पण तोवर पुढचं नाव पुकारलेलं असायचं. अशा चार महिन्यांत चार फेऱ्या, वर कॅल्शियमच्या गोळ्या.

पाचव्या वेळी चिडून बसलोच नाही. कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घातल्या. वॉचमननं दोनदा विचारलं, "कोणी ॲडमिट आहे का?" नंबर आला तेव्हा दाराची चौकट धरून, कमरेत वाकून आत गेलो. त्या दिवशी खुर्चीत दुसरे, तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, "मॉलमध्ये ट्रॉली ढकलताना होतं असं?" मी चाटच पडलो. मंडईत होतं, मॉलमध्ये कधीच नाही!

त्यांनी समजावलं, ट्रॉलीवर वाकतो तसं वाकलं की मणक्यांमधली नळी जरा मोकळी होते, ताठ उभं राहिलं की आवळते आणि नसा दाबल्या जातात. उतारावर आपण मागे झुकतो, म्हणून पर्वती. पावलांवरची नाडीही त्यांनी चाचपली. रक्तपुरवठा कमी असला तरी चालताना पोटऱ्या धरतात, पण तेव्हा नुसतं उभं राहिलं तरी भागतं. मला बसावंच लागायचं.

एमआरआयमध्ये एल४-एल५ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांपाशी, नळी अरुंद, जेमतेम ८ मिमी निघाली. (पाय लांब करून उताणं झोपवत नसेल तर गुडघ्यांखाली उशी मागून घ्या, मी उगाच सोसलं.) ऑपरेशन तूर्त नाही. पण लघवीवरचा ताबा गेला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं, तर त्याच दिवशी इमर्जन्सी गाठायची, हे त्यांनी बायकोला वेगळं बजावलं.

फिजिओथेरपी चालू आहे. घरातली सायकल अर्धा तास आरामात चालवतो, चालणं दहावरून वीस मिनिटांपर्यंत गेलंय. फाईलच्या पहिल्या पानावर मात्र अजून 'गुडघेदुखी'च लिहिलेलं आहे.