तुम्ही विचारलंत म्हणून: २ लाख ८७ हजार किलोमीटर झालेली गाडी का घेतली?

शारजातल्या आमच्या इमारतीत नवं मराठी कुटुंब राहायला आलं की महिना-दीड महिन्यात हा प्रश्न येतोच. आधी शाळा, डॉक्टर, चांगली ज्वारी कुठं मिळते, हे सगळं विचारून होतं. मग एक दिवस पार्किंगमध्ये माझ्या गाडीपाशी पावलं थांबतात. "दादा, ही लेक्सस तुमचीच ना? किती पळालीय?" मी आकडा सांगतो, ३ लाख ४५ हजार. समोरचा एकदा गाडीकडे बघतो, एकदा माझ्याकडे. "आणि घेतलीत तेव्हा किती झाले होते? भीती नाही वाटली?" परवा चौथ्या मजल्यावरच्या मुलानं लिफ्टमध्ये हेच विचारलं. त्यालाही अशीच एक घ्यायचीय. त्याला दोन मजल्यांत जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं आणि घरी आल्यावर वाटलं, पोरगा कष्टाचे पैसे घालणार आहे, नीट सांगायला हवं.

गाडी २००६ची, लेक्सस एलएक्स ४७०. टोयोटाच्या लँड क्रूझर १००ची ही थाटातली बहीण. चॅसी तीच, ४.७ लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन तेच, चारही चाकांना कायम ताकद. वर लाकूड, चामडं, आणि बटण दाबलं की गाडी उंच-बुटकी करणारं हायड्रॉलिक सस्पेन्शन. २०२१च्या नोव्हेंबरात मी ती ३६ हजार दिर्हमला घेतली. एवढ्या पैशांत चार-पाच वर्षं जुनी छोटी सेदान आली असती, आणि बायकोचं मत तेच होतं. मला वाळवंटात जायचं होतं. ही हौस होती, गरज नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. सांगलीला शाळा सुटली की मी डबा घेऊन डेपोत जायचो. तिथं लाखांत पळालेल्या गाड्या खड्ड्यावर उभ्या असायच्या. त्यातल्या कुठल्या गाडीला 'म्हातारी' म्हणायचं हे तिथले मेकॅनिक किलोमीटरवरून कधीच ठरवत नसत. ते ड्रायव्हरचं नाव घ्यायचे, रजिस्टर उघडायचे. ही गाडी घेण्याआधी मी वडिलांना फोन केला. आकडा ऐकून ते घाबरतील असं मला वाटत होतं. त्यांनी एकच विचारलं, "ऑइल कधी-कधी बदललं ते लिहून ठेवलंय का कुणी?"

लिहून ठेवलं होतं. विकणारे अल ऐनचे एक अमिराती आजोबा होते. लिव्याकडे त्यांची खजुराची बाग. एका फेरीत जाऊन-येऊन सहाशेच्या वर किलोमीटर, सगळा हमरस्ता. त्यांनी मुल्किया, म्हणजे गाडीचं नोंदणी कार्ड, दाखवायच्या आधी एक जाड फाइल पुढं केली. पंधरा वर्षांच्या पावत्या, तारखेनं लावलेल्या. १ लाख ५२ हजारांवर टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप एकत्र बदलल्याची पावती त्यात होती. ती बघितल्यावर माझं निम्मं मन तिथंच वळलं, कारण या इंजिनाचा बेल्ट दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो, आणि त्याच वेळी पंपही बदलून घेणारा मालक गाडीचा विचार करणारा असतो.

किलोमीटरचा हिशेब तुम्ही असा करून बघा. ताशी १०० नं हमरस्त्यावर २ लाख ८७ हजार किलोमीटर म्हणजे इंजिन चाललं साधारण २,९०० तास. तीच गाडी शारजा-दुबईच्या सकाळच्या गर्दीत सरासरी २५ नं चालली, तर तेवढ्याच किलोमीटरला साडेअकरा हजार तास. मीटरवरचा आकडा दोन्हीकडे सारखा. पण गिअर किती वेळा बदलले, ब्रेक किती वेळा दाबले, इंजिन जागच्या जागी किती तास तापत राहिलं, हे मीटर सांगत नाही.

त्याच महिन्यात मी दुसरी एक पाहिली होती. तेच मॉडेल, २००७ची, फक्त १ लाख १० हजार किलोमीटर. किंमत जवळजवळ दुप्पट. दिसायला इतकी देखणी की मी टोकन द्यायला निघालो होतो. मालक परदेशी, गाडी तीन-चार वर्षं उभी. खाली वाकून बघितलं तर स्टिअरिंग रॅकमधून तेल गळत होतं, सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशांना नखानं तुकडे पडतील अशा भेगा, आणि मधल्या डिफरन्शियलचं लॉक (पुढच्या-मागच्या चाकांना एकत्र बांधणारं) बटण दाबूनही लागेना. न वापरल्यामुळं त्याची मोटर धरली होती. इथल्या उन्हात उभी गाडी झिजत नाही, ती वाळते. रबर वाळतं, सील वाळतात. कमी किलोमीटरच्या मोहात पडू नका असं मी जे कळकळीनं सांगतो, ते त्या गाडीमुळं.

आता बघायचं कसं. त्या मुलानं खरं म्हणजे हेच विचारलं होतं.

या गाडीचं सस्पेन्शन हा तिचा जीव आहे. प्रत्येक चाकाला एक असे चार गोळे असतात, आत नायट्रोजन भरलेला. वर्षांनुवर्षं तो वायू झिरपून जातो आणि गाडी बैलगाडीसारखी हादरायला लागते. याची तपासणी कुठल्याही यंत्राशिवाय होते. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, इंजिन चालू ठेवा, उंची सगळ्यात खाली आणा. बॉनेट उघडून सस्पेन्शनच्या तेलाच्या टाकीवरची पातळी बघा. मग उंची सगळ्यात वर न्या. तेल टाकीतून सस्पेन्शनमध्ये जातं आणि पातळी उतरते. किती रेघा उतरली ते मोजा. गोळे नवे असतील तर चौदाच्या आसपास. सात किंवा त्याहून कमी, तर गोळे संपले. माझ्या गाडीत आठ भरल्या. आजोबांच्या मुलाला मी रेघा मोजून दाखवल्या. त्यानं वडिलांना अरबीत सांगितलं. आजोबा हसले आणि दोन हजार उतरवले.

बरेच लोक हे सस्पेन्शन काढून टाकतात आणि साधे स्प्रिंग आणि शॉक अॅब्झॉर्बर बसवतात. स्वस्त पडतं हे खरं. मला ते पटत नाही. ज्या गोष्टीसाठी ही गाडी लँड क्रूझर सोडून घ्यायची, तीच काढून टाकायची?

बाकीचं भराभर सांगतो. लो रेंज (वेग कमी, जोर जास्त) लावून बघा. मधलं लॉक वाळूत किंवा खडीवर लावून बघा, डांबरावर नको. डॅशबोर्डवर दिवा लागला पाहिजे. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी काळी असायला हवी. ती तपकिरी पडली असेल तर तिचे दिवस भरले. चॅसी गंजलीय का ते खालून ठोकून बघा, विशेषतः मालक समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालत असेल तर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २५१९ म्हणजे २०१९चा पंचविसावा आठवडा. ब्रेक आणि अॅक्सिलरेटरच्या पेडलचं रबर बघा. मीटर मागं फिरवता येतं, झिजलेलं रबर भरून येत नाही, आणि कोरं करकरीत नवं रबर दिसलं तर ते का बदललं ते विचारा. गाडी जीसीसीची, म्हणजे आखाती देशांसाठी बनवलेली, आहे की अमेरिकेहून आणलेली, हे चॅसी नंबरावरून पक्कं करा. तिकडून येणाऱ्या कितीतरी गाड्या अपघातानंतर लिलावात गेलेल्या असतात.

आणि पाणी. १६ एप्रिल २०२४चा पाऊस इथं असलेला कुणीच विसरणार नाही. अल ऐनजवळ खत्म अल शक्लाला एका दिवसाच्या आत २५० मिलिमीटरहून जास्त पडला. शारजात आमच्या गल्लीत गाड्या खिडक्यांपर्यंत पाण्यात होत्या. त्या सगळ्या भंगारात गेल्या नाहीत. त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर एक महागडी एसयूव्ही बघायला गेलो. आत अत्तराचा घमघमाट, गालिचे नवे. मी मागच्या सीटचा पट्टा हळूहळू ओढत गेलो, पार शेवटपर्यंत. शेवटच्या वीतभरावर मातीची सरळ रेघ होती. पट्टा कधी कुणी एवढा ओढत नाही, म्हणून तो धुवायचा राहून गेला होता. वहिनींनी ती रेघ बघितली आणि काही न बोलता बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वर्षभर पैसे साठवले होते.

एवढं सगळं बघूनही माझी गाडी घेताना माझ्याकडून एक गोष्ट राहिली. इंजिनाच्या मागं, आतल्या भिंतीपाशी, हीटरच्या पाइपांना जोडणारे दोन प्लास्टिकचे टी असतात. बोटाएवढे. वीस-तीस दिर्हमची वस्तू. मी फाइल वाचली, गोळे मोजले, गाडीखाली तासभर पडलो, आणि त्या टीना हात लावला नाही. २०२२च्या जुलैत मलीहाच्या रस्त्यावर, दुपारी, मुलगी मागं झोपलेली, कूलंटचा गोडसर वास आला. मी त्याच क्षणी इंजिन बंद केलं आणि गाडी बाजूला उतरवली. सोळा उन्हाळे भाजलेलं प्लास्टिक बिस्किटासारखं मोडलं होतं. सगळं पाणी रस्त्यावर. तपमानाचा काटा वर चढायची वाट बघत बसलो असतो, तर इंजिन गेलं असतं. पाणीच नसलं की तो काटाही खरं सांगत नाही. उन्हात पाऊण तास गेला, मुलीच्या डोक्यावर ओला टॉवेल धरून. आज मी कुणाचीही अशी गाडी बघायला गेलो, की बॉनेट उघडल्यावर माझा पहिला हात त्या टींवर जातो.

पैशांचं स्पष्ट सांगतो. पहिल्या वर्षी मी १३ हजार ५०० दिर्हम घातले. चारही गोळे, दुसरा टायमिंग बेल्ट आणि पंप, रेडिएटर, सगळे रबरी पाइप, पुढचे बुश, गिअरबॉक्सपासून दोन्ही डिफरन्शियलपर्यंत सगळी तेलं. किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त. दुसऱ्या वर्षी अडीच हजार. तिसऱ्या वर्षी त्याहूनही कमी. म्हणजे ३६ हजारांची गाडी खरं तर पन्नास हजारांची होती, आणि ते मला आधी माहीत होतं म्हणून ती जड गेली नाही. पेट्रोलचं मात्र कुणी हलकं घेऊ नये. शहरात लिटरला साडेपाच किलोमीटर, आणि टाकी ९६ लिटरची.

म्हणून चौथ्या मजल्यावरच्या मित्रा, तुझ्याकडे ४० हजार असतील तर ४० हजारांची गाडी बघू नकोस, २८ची बघ. आणि घरात ही एकच गाडी असणार असेल, सकाळी सातला त्याच गाडीनं कामावर पोचायचं असेल, तर माझं ऐकून थांब. माझ्याकडे ऑफिसची छोटी गाडी आहे. लेक्सस आठ-आठ दिवस गॅरेजमध्ये राहिली तरी घर अडत नव्हतं. हे सुख नसतं, तर मी तिच्यावर चिडलो असतो आणि विकून मोकळा झालो असतो.

का ठेवलीय, तेही सांगतो. हिवाळ्यात शनिवारी पहाटे आम्ही निघतो. डांबर संपतं तिथं उतरून चारही टायरांची हवा पस्तीसवरून पंधरावर आणतो. ते फुसफुसणारे आवाज मुलीला पाठ झालेत, चौथं चाक तीच करते. मग लॉक लावायचं, लो रेंज, आणि अडीच टनाची ही गाडी वाळूच्या उतारावर अशी अलगद चढते, की मागं बसलेल्या माझ्या आईच्या हातातला चहा हिंदकळत नाही. आई गेल्या वर्षी पहिल्यांदा आली होती. टेकडीच्या माथ्यावर गाडी थांबवली तेव्हा म्हणाली, "तुझ्या बाबांना एकदा चालवायला दे रे." बाबा आले की देणार आहे.

तर गाडी बघायला जाशील तेव्हा आदल्या रात्री मालकाला फोन करून सांग, सकाळी आम्ही यायच्या आधी इंजिन सुरू करू नका. थंड इंजिनाचा पहिला अर्धा मिनिट ऐकायचा असतो, आणि तापलेल्या गाडीत तो लपतो. मला शनिवार मोकळा आहे. टॉर्च आणि गाडीखाली टाकायची चटई मी आणतो.