ठासणीच्या रायफलचं किट शेवटच्या टप्प्यात अडलंय? मदत मागण्याआधी हे बघून घ्या

ठासणीच्या रायफलचं किट सहसा सुरुवातीला अडत नाही. नळी लाकडी दस्त्यात बसते, लॉक, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, खाचेत जातं, पिना आरपार होतात, बंदूक बंदुकीसारखी दिसायला लागते आणि मग ती गॅरेजमध्ये पडून राहते. बाकी काम दिसायला थोडंच असतं. दस्ता घासायचा, रंगवायचा, नळीला तपकिरी चढवायची, लॉक सुरळीत चालतंय ना ते बघायचं. पण जास्त तास इथेच जातात, आणि सूचनापत्रकात या भागाला जेमतेम पानभर जागा दिलेली असते.

हे सगळं अमेरिकेत मिळणाऱ्या किटबद्दल आहे. तिथे १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टमध्ये काळ्या दारूवर चालणाऱ्या ठासणीच्या रायफलला सर्वसाधारणपणे अँटिक धरतात, म्हणून बऱ्याच राज्यांत किट थेट घरपोच येतं. तरी प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे, आपल्या राज्याचा वाचूनच ऑर्डर द्या. भारतात वाचणाऱ्यांनी मात्र हे करून बघू नये. आपल्याकडे ठासणीची बंदूकही १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली येते. कोकणात शेती राखायला ज्या ठासणीच्या बंदुका आहेत, त्या परवान्यावरच आहेत. परवान्याशिवाय अशी बंदूक बनवणं किंवा दुरुस्त करणं हा गुन्हा आहे.

किट दुसऱ्या कुणी अर्धवट सोडलेलं असेल, तर पहिलं काम एकच. गज, म्हणजे दारू-गोळी ठासायची काठी, नळीत सावकाश तळापर्यंत सोडा, तोंडाशी पेन्सिलीने खूण करा, गज बाहेर काढून खूण तोंडाशी जुळवून नळीच्या बाजूला धरा. गजाचं टोक कानाच्या, म्हणजे दारू पेटवायच्या भोकाच्या, आसपास पोचायला हवं. त्याआधीच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. ते जुनी दारू आणि गोळी असू शकतं, असं धरूनच पुढे चाला, आणि ती काढायला जाणकार माणसाकडेच द्या.

आता क्रमाविषयी. सगळं धातुकाम पांढरं असताना, म्हणजे तपकिरी चढवण्याआधी, आणि सगळं लाकूड कोरं असताना, बंदूक पूर्ण चालती करायची. रंग आणि तेल नंतर. ही शिस्त मोडली की रंगवलेला दस्ता पुन्हा पटाशीने खरवडावा लागतो आणि तिथे डाग कायमचा राहतो. मदत मागणाऱ्यांपैकी कितीतरी जण रंगाचा प्रश्न घेऊन येतात आणि खरी अडचण लॉकच्या खाचेत असते.

सर्वात महत्त्वाची जागा नळीच्या मागे आहे. बार उडाला की नळी मागे ढकलते, आणि तो धक्का ब्रीचच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या, सपाट मागच्या अंगाने लाकडावर घ्यायला हवा. तिथे फट राहिली तर सगळा जोर टँगवर, म्हणजे मागे निघालेल्या शेपटीवर आणि तिच्या स्क्रूवर येतो. मग मनगटाजवळ, म्हणजे दस्त्याच्या मुठीत धरायच्या बारीक भागाजवळ, दस्ता चिरतो. उलट टँगच्या अगदी टोकामागे केसभर जागा मोकळीच हवी, नाहीतर टँग पाचरीसारखी लाकडात घुसते. हे बघायला काजळी लागते. दिव्याची काजळी थोड्या तेलात कालवून ब्रीचच्या मागच्या अंगाला अगदी पातळ लावा. जाड लावली तर सगळीकडेच डाग पडतात आणि काही कळत नाही. नळी सरळ खाली बसवा, रबरी हातोड्याने एकदा हलकेच ठोका, उचला. लाकडावर एकाच कोपऱ्यात काळा ठिपका दिसला, तर नळी फक्त त्या कोपऱ्यावर टेकतेय. तेवढाच ठिपका धारदार पटाशीने खरवडा, कागदाइतका पातळ. पुन्हा काजळी, पुन्हा नळी. दहा-पंधरा फेऱ्यांनंतर काळे ठिपके पसरत जाऊन सगळ्या अंगभर दिसायला लागतात. तिथे थांबायचं. जास्त लाकूड निघून गेलं असेल, तर काळी इपॉक्सी भरून नळी त्यात बसवता येते. आधी नळीला मेणाचा थर द्या, नाहीतर ती कायमचीच चिकटेल.

लॉकचं निदान सोपं आहे. हाताला इजा होऊ नये म्हणून घोड्याच्या जबड्यात चकमकीऐवजी लाकडाचा तुकडा धरा. लॉक हातात घेऊन चालवा, मग खाचेत बसवून स्क्रू सैल ठेवून चालवा, मग स्क्रू आवळून चालवा. हातात छान चालतं आणि आवळल्यावर घोडा जड पडतो, तर आतला एखादा भाग लाकडाला घासतोय, किंवा स्क्रू लांब पडून आत टेकतोय. आतल्या भागांना काजळी लावा, लॉक बसवा, दोन-तीनदा घोडा ओढून सोडा, बाहेर काढा. काळं लागलेलं लाकूडच फक्त काढायचं. लॉकचे स्क्रू ताकद लावून आवळायचे नसतात, बेताचे पुरतात.

यापुढे सुरक्षेचा भाग आहे. साध्या एका चापाच्या रायफलमध्ये घोडा पडलेला असताना, अर्ध्यावर असताना आणि पूर्ण ओढलेला असताना, तिन्ही वेळा चापाला किंचित सैलपणा हवा. चाप सिअरच्या, म्हणजे घोडा अडवून धरणाऱ्या आतल्या भागाच्या, दांडीला आधीच ढकलून धरत असेल, तर अर्धा घोडा पूर्ण खाचेत बसत नाही आणि कधीही सुटू शकतो. चापाच्या पट्टीचा वरचा भाग थोडाथोडा कानशीने उतरवून हा सैलपणा आणता येतो. टम्बलरच्या, म्हणजे घोड्याबरोबर आत फिरणाऱ्या भागाच्या, खाचा मात्र स्वतः घासू नका. तिथली चूक परत भरून निघत नाही, आणि अर्ध्या घोड्यावर न टिकणारी रायफल रेंजवर न्यायचीच नाही. नळीचं मागचं टोक बंद करणाऱ्या ब्रीच प्लगलाही हात लावू नका. कान पाडायचा राहिला असेल किंवा रंजकाच्या, म्हणजे पेटवायच्या बारीक दारूच्या, वाटीच्या मानाने खूप खाली आला असेल, तर तेही बंदूक कारागिराचं काम. कान साधारण १.६ मिलिमीटरचा असतो आणि त्याचा मध्य वाटीच्या वरच्या कडेच्या रेषेत असावा.

पिनांबद्दल थोडक्यात. नळीखालच्या कड्यांतली भोकं गोल न ठेवता नळीच्या लांबीच्या दिशेने दोन्हीकडे मिलिमीटर-दीड मिलिमीटर लांबट करा. हिवाळ्यात हीटर चालू झाला की घरातलं लाकूड सुकतं, पावसाळी हवेत फुगतं. नळी तशी सुकत-फुगत नाही. जागा नसली तर पिन वाकते किंवा पुढचं पातळ लाकूड तडकतं.

आता दस्ता. बोटांनी पॉलिश पेपर धरून घासणं ही सर्वात महागात पडणारी सवय आहे. मऊ बोटं कडा गोल करतात, आणि लॉकभोवतीच्या सपाट भागाची कड एकदा गोल झाली की सगळी रायफल साबणाच्या वडीसारखी दिसते. सपाट जागी पेपरमागे लाकडाचा ठोकळा, गोल जागी कडक रबर किंवा चामडं. १२० ने सुरू करा, मग १८०, २२०, ३२०. लाटांचा, म्हणजे आडव्या लाटांसारखे पट्टे दिसणारा, मेपल असेल तर रंध्यापेक्षा पोलादी खरवडणी बरी, कारण रंधा लाटेच्या उलट्या बाजूला तंतू उपटतो. लॉकप्लेट (लॉकची बाहेरची पत्री) आणि बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकाची पत्री) जागेवर ठेवूनच घासा, म्हणजे लाकूड धातूच्या खाली जात नाही. ३२० नंतर ओल्या फडक्याने सगळा दस्ता पुसा, वाळू द्या. तंतू दाढीच्या खुंटासारखे उभे राहतात, ते हलकेच कापा. असं दोनदा, हवं तर तिसऱ्यांदा करा. हे टाळलं तर रंगाचं पहिलं पाणी लागताच तेच तंतू पुन्हा उठतात.

अक्रोडाला रंगाची गरज नसते, तेल पुरे. बीचसारख्या फिक्या लाकडाला स्पिरिटात किंवा पाण्यात विरघळणारा डाय द्या. मेपलची गोष्ट वेगळी. त्याचा तो जुना, आतून पेटल्यासारखा तांबूस तपकिरी रंग फेरिक नायट्रेटने येतो. वजनाने एक भाग स्फटिक आणि तीन-चार भाग पाणी, किंवा सरळ तयार द्रावण. मेपलमध्ये टॅनिन कमी असतं, म्हणून आधी टॅनिक ॲसिडचं पाणी मारून वाळवलं तर रंग आणखी गडद येतो. हातमोजे घाला, काम उघड्यावर करा, वाफ हुंगू नका. द्रावण लावून वाळलं की लाकूड मळकट, हिरवट-राखाडी दिसतं. मग हीट गन हातभर लांबून फिरवत आणा. काही सेकंदांत तो राखाडीपणा वितळल्यासारखा जातो आणि त्याच्या मागोमाग गंजासारखा तपकिरी रंग पसरतो. हीट गन एका जागी थांबवू नका, विशेषतः पुढच्या पातळ कडांवर, तिथे लाकूड जळून काळं पडतं. हिरवट पट्टा राहिला असेल तर तो भाग तापलेलाच नाही, पुन्हा गरम करा.

या क्षणी दस्ता कोरडा, भकास आणि फार गडद दिसतो. ‘रंग बिघडला, काय करू’ असे प्रश्न नेमके इथून येतात. घाबरून लगेच काही करू नका. एका कोपऱ्यात थोडं तेल लावून बघा, लाटा वर येतात आणि खरा रंग कळतो. तरीही गडदच वाटला तर राखाडी स्कॉच-ब्राइट घासणीने हलकेच घासून उजळ करता येतो. स्टील वूल टाळा, त्याचे बारीक तुकडे लाकडात अडकतात आणि पुढे काळे ठिपके पडतात. हा सगळा प्रयोग आधी बटप्लेटखालच्या किंवा नळीच्या खाचेतल्या लाकडावर करा. ती जागा पुढे कुणाला दिसणार नाही.

तेलासाठी बॉइल्ड लिनसीड (जवसाचं तेल), टंग ऑइल किंवा ट्रू-ऑइल, कुठलंही चालेल. खरा प्रश्न थराचा आहे. पातळ थर, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं तेल पुसून काढायचं, एक दिवस वाळू द्यायचं. जाड थर आठवडाभर चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून बादलीत टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

नळीची तपकिरी म्हणजे ताब्यात ठेवलेला गंज. अष्टकोनी नळीच्या बाजू आधी कानशीने लांबीच्या दिशेने ओढून सपाट करा, मग २२० पर्यंत घासा. आरशासारखी चकाकी आणू नका, तिच्यावर गंज धरत नाही. नळीचं तोंड आणि कान बंद करा, नाहीतर आत गंज धरेल. तेलकटपणा पूर्ण काढा, बोटाचा एक ठसासुद्धा फिका डाग सोडतो. लॉरेल माउंटन फोर्जच्या द्रावणाला दमट हवा लागते. कोरड्या घरात अंघोळीच्या खोलीत गरम पाणी सोडून वाफ धरली तरी काम होतं. काही तासांनी बारीक मखमली गंज दिसला की जाड फडक्याने पुसून पुढचा हात द्या. असे चार ते सहा हात लागतात. शेवटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, वाळवा आणि तेल लावा. सोडा विसरलात तर गंज थांबणार नाही. बर्चवूड केसीचं प्लम ब्राउन वेगळं असतं, त्याला धातू १३५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावा लागतो. छोट्या भागांना ते ठीक, लांब नळीवर रंग एकसारखा येणं अवघड जातं.

मदत कुठे मिळते? नॅशनल मझल लोडिंग रायफल असोसिएशन १९३३ पासून आहे, तिचं ठाणं इंडियानातल्या फ्रेंडशिप या गावी. तिच्या स्पर्धांना येणाऱ्यांमध्ये अर्धवट किट बघून पाच मिनिटांत रोग ओळखणारी माणसं असतात. किबलर आणि चेंबर्स यांच्यासारखे किट बनवणारे स्वतःच कारागीर आहेत, त्यांच्या किटबद्दलची शंका थेट त्यांनाच विचारा.

विचारताना फोटो नीट काढा. उजेड समोरून नको, बाजूने पडू द्या, म्हणजे फट आणि खळगे दिसतात. शेजारी पट्टी ठेवा. लॉकची आतली बाजू, रिकामी खाच, ब्रीचमागचं लाकूड आणि काजळीचे ठिपके, एवढे चार फोटो दिलेत तर उत्तर लवकर मिळतं. लाकूड कुठलं, आतापर्यंत काय लावलंय, कोणत्या क्रमाने, हेही लिहा. आणि चापाचं किंवा लॉकचं काम कारागिराकडे पाठवायचं ठरलं, तर नुसतं लॉक पाठवू नका. दस्ता, नळी, चाप आणि लॉक एकत्रच पाठवा, कारण चाप आणि सिअर यांच्यातलं अंतर लॉक खाचेत बसल्यावरच मोजता येतं.