मोहदरी घाटात पडलेला तंबू

वारीत काही हरवलं तर मागे फिरायचं नाही, असं दिंडीतली जुनी माणसं सांगतात. त्यात श्रद्धा थोडी आणि व्यवहार जास्त आहे. पडलेली वस्तू कुणीतरी उचलतंच, आणि उचलणाराही पंढरपूरलाच निघालेला असतो. म्हणजे तुमची वस्तू तुमच्या मागोमाग चालत असते. तुम्ही उलटे गेलात की चुकामूक ठरलेली.

निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघते. ज्ञानोबांचे थोरले बंधू आणि गुरू, समाधी ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी. इथून पंढरपूर सुमारे साडेचारशे किलोमीटर, तरी टीव्हीवर आमच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं येतात. असो. सातपूर, नाशिक, पळसे असे मुक्काम करत सोहळा पुणे महामार्गाने सिन्नरकडे सरकतो. शिंदे गाव मागे पडलं की मोहदरी घाट लागतो. तिथेच पावसाची जोरदार सर आली. सगळ्यांनी डोक्यावर प्लास्टिकचे कागद ओढले आणि टाळ तेवढे चालू राहिले. घाट चढून वर आल्यावर शेजारचा टाळकरी म्हणाला, "माऊली, तुमच्या पाठीखालचं ते लांबोळकं कुठं गेलं?"

सॅकच्या पट्ट्याचं बक्कल तुटून माझा तंबू पडला होता. ट्रेकिंगचा, एका माणसाचा, नारिंगी खोळीतला. दिंडीच्या राहुटीत जागा होती, पण तिथल्या घोरण्याला लय नसते, म्हणून मी सह्याद्रीत वापरतो तो तंबू सोबत घेतला होता. वीणेकरी बुवांना सांगितलं. ते म्हणाले, "येईल. चाला."

लोणारवाडीच्या मुक्कामी स्पीकरवरून हरवल्या-सापडल्याची यादी वाचली गेली. आळंदीच्या सोहळ्यात हे समाजआरतीच्या वेळी होतं. चोपदाराने चोप उंचावला की लाखाचा समाज गप्प होतो आणि कुणाचा चष्मा, कुणाची पिशवी सापडली ते पुकारलं जातं. आमच्याकडे त्या संध्याकाळी जर्मनचा तांब्या, मोबाइल, औषधांची पुडी आणि "कुणाचा तरी मृदंग, खोळीसकट" एवढं पुकारलं. तंबूचं नाव नाही. रात्र राहुटीत काढली.

दुसऱ्या दिवशी दातलीला रिंगण होतं. अश्व धावून गेले, लोक टापांखालची माती कपाळाला लावायला वाकले आणि गर्दी जरा विरळ झाली, तेव्हा कडेला उभ्या असलेल्या एका ट्रकच्या आरशाला माझी नारिंगी खोळ लटकलेली दिसली. स्पीकरवरचा मृदंग तो हाच!

ती दिंडी निफाडकडची. दिंडीमालकांनी मला लगेच हात लावू दिला नाही, आणि ते मला आवडलं. "आत काय आहे सांगा." मी सांगितलं: हिरवं कापड, घडीच्या काठ्या, आठ खिळे. त्यांनी सगळ्यांसमोर खोळ उघडली. कापड कोरडं ठणठणीत होतं. घाटात चिंब झालेलं म्हणून ड्रायव्हरने सकाळी ट्रकच्या बॉनेटवर पसरून वाळवलं होतं. खोळीची नाडी तुटली होती, तिच्या जागी लुगड्याच्या काठाची चिंधी तीन पदरी वळून घट्ट बांधलेली. खिळे मोजले तर सात. मालकांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो मुकाट्याने ट्रकच्या मागे गेला, ताडपत्रीच्या दोरीतला आठवा खिळा उपटून घेऊन आला आणि पँटला पुसून माझ्या हातात दिला. "रात्री वारा लई व्हता," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, राहू द्या तुम्हाला. मालक म्हणाले, "नाही. ज्याचं त्याला."

उचलणाऱ्या मावशी पाण्याच्या टँकरपाशी कळशी भरत होत्या. साठीच्या असतील. घाटाच्या वळणावर त्यांना खोळ दिसली, आणि डोक्यावर तुळस म्हणून ती काखोटीला मारून त्यांनी सगळा चढ पार केला. "मला वाटलं एखाद्या पोराचा मृदंग पडला. त्याला वाजवायला नको का संध्याकाळी? म्हनून पावलं उचलली." मृदंग नाही हे कळल्यावर जरा हिरमुसल्याच. पैशाचं नाव काढायची सोय नव्हती. मी पाया पडायला वाकलो तर त्याही वाकल्या, आणि दोघांची डोकी आपटता आपटता राहिली.

नावाची चिठ्ठी लावण्यापेक्षा दिंडीचा क्रमांक लिहा, हा मालकांचा सल्ला मात्र सोळा आणे खरा. वारीत फोन बंद पडतात, माणूस ओळखू येत नाही, पण अमक्या नंबरची दिंडी कुठे चालते ते कुणीही सांगतं. ट्रकचा नंबर रंगवायचा डबा त्यांच्याकडे होताच. ड्रायव्हरने तिथल्या तिथे खोळीवर आमचा क्रमांक काढून दिला, अक्षर माझ्यापेक्षा सुबक.

मावशींची एकच मागणी होती: हे उभं कसं राहतं ते दाखव. खंबाळ्याच्या मुक्कामी त्या दोघी-तिघींना घेऊन आल्या. मी काठ्या जोडल्या, खिळे ठोकले. मावशी चेन उघडून आत शिरल्या, मांडी घालून बसायला गेल्या तर डोकं छताला लागलं. आडव्या झाल्या, दोन्हीकडे हात पसरून पाहिले, ते कापडाला टेकले. आतूनच त्यांनी विचारलं, "केवढ्याला घेतलं रं?"

मी आकडा सांगितला. बाहेरच्या बायका खो-खो हसल्या.

"एवढ्यात तर माझी शेळी आली असती," असं म्हणत मावशी रांगत बाहेर आल्या आणि हरिपाठाला उशीर होतोय म्हणून सगळ्यांना हाकत घेऊन गेल्या.